स्टोरी नव्हती की पटकथा नव्हती?

गेल्या महिन्यात सांगलीत रात्रीचा शो बघून आम्ही तिघं भेळेच्या गाड्यावर थांबलो. मित्र म्हणाला, "स्टोरीच नाही भावा पिक्चरला." मी म्हटलं, बरं, काय काय झालं ते सांग की. तो सांगायला लागला. दोन भावांचं भांडण, जमीन, जुना खून, फुटलेला साक्षीदार. भेळ संपली तरी त्याचं सांगणं संपेना, आणि अर्धा पिक्चर झोपलेला आमचा तिसरा गडी आता कान देऊन ऐकत होता. म्हणजे स्टोरी होती, चांगली ठसठशीत होती. नव्हती ती पटकथा. खुनी कोण ते आम्हाला पंधराव्या मिनिटाला दाखवून टाकलं होतं. पुढचे दोन तास नायक ते शोधत होता आणि आम्ही घड्याळ बघत होतो.

मराठी सिनेमाच्या पाट्यांत कथा, पटकथा, संवाद हे शब्द एका दमात येतात, म्हणून ते एकच वाटतात. त्यात तेव्हा आपण मोबाईलच्या उजेडात सीट शोधत असतो. फिल्मफेअरमध्ये मात्र या तिन्हींना वेगवेगळे पुरस्कार आहेत. काय घडलं, ती कथा. ते पडद्यावर कुठून सुरू करायचं, कुणाच्या बाजूनं दाखवायचं, प्रेक्षकाला काय आधी कळू द्यायचं, काय दाबून ठेवायचं आणि प्रसंग नेमका कुठं तोडायचा, ही सगळी पटकथा. संवादांबद्दल फार सांगायला नको. शिट्ट्या त्यांनाच पडतात.

'लापता लेडीज' (२०२४) घ्या. कथा बिप्लब गोस्वामी यांची, पटकथा स्नेहा देसाई यांची. कथा एका ओळीत सांगता येते: घुंगटामुळं रेल्वेत दोन नववधूंची अदलाबदल होते. आता पटकथा बघा. बायको हरवली म्हणून नवरा पोलिसांकडं जातो. ते फोटो मागतात. तो लग्नातला फोटो पुढं करतो. फोटोत नवरी आहे, चेहरा नाही. वरून खालपर्यंत घुंगट. पोलीस तो फोटो बघत राहतात आणि थिएटर हसतं. बाईला घरात ओळख नाही, यावर कुणी भाषण दिलं असतं तर मी चुळबुळ केली असती. तो फोटो मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे.

'सैराट'चा (२०१६) शेवटही तसाच. कथेच्या हिशेबानं मुलीच्या घरचे येतात आणि दोघांना मारतात, एवढंच. नागराज मंजुळे यांनी खून दाखवलाच नाही. शेजारणीकडं गेलेलं लेकरू घरी येतं, आई-बाप पडलेले बघतं आणि रडत बाहेर चालू लागतं. मागं रक्ताळलेली इवली पावलं उमटत जातात. संगीतसुद्धा नाही. ज्या पिक्चरच्या गाण्यांवर लोक थिएटरात नाचले, तो पिक्चर शेवटी एवढा गप्प करायचा, हे ज्यानं ठरवलं त्याला मी मानतो.

'छावा' (२०२५) बघायला आईला घेऊन गेलो होतो. संभाजी महाराज संगमेश्वरी कसे पकडले गेले आणि ११ मार्च १६८९ ला काय झालं, हे तिला नव्यानं कळायचं नव्हतं. तरी शेवटी पदर डोळ्यांना लागलाच. बालपणापासून सांगत न बसता बुऱ्हाणपूरच्या छाप्यानं पिक्चर सुरू केला, हे मला आवडलं. मध्यंतराआधी मात्र लढाईमागून लढाई येत राहते आणि राजा माणूस म्हणून फार थोडा भेटतो. ही पटकथेची उणीव, कथेची नव्हे. मूळ कादंबरी शिवाजी सावंतांची आहे आणि तिच्यात माणूस भरपूर आहे. संगमेश्वरला आलं की पिक्चर पकड घेतो. पुढं काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे आणि पडद्यावरच्यांना अजून नाही, म्हणून तिथं प्रत्येक मिनिट जड जातं.

म्हणून "स्टोरी तर माहितीच होती" ही तक्रार मला पटत नाही, सांगलीत तर नाहीच नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथं 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे समोरच्या प्रत्येकाला पाठ होतं. सूत्रधार पदं गायचा, पात्रं त्या धाग्यावर आयत्या वेळी बोलायची, आणि लोक बघत बसायचे ते कसं घडतंय ते.

भेळेच्या गाड्यावरच्या त्या पिक्चरच्या उलटही होतं, कथा एवढीशी आणि पटकथा भक्कम. 'बाईपण भारी देवा'ची (२०२३) कथा म्हणजे सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. एवढ्याशा सुतावर प्रत्येकीचं दुखणं तिच्या तिच्या वेळेला पुढं येतं, म्हणून तर माझ्या मावश्या ठरवून एकत्र गेल्या.

भेळेच्या गाड्यावरच्या त्या मित्राचा परवा फोन आला. दुसऱ्या एका पिक्चरबद्दल म्हणाला, "स्टोरी साधीच आहे, पण बांधलाय कडक. रविवारी दुपारच्या शोला काकूंना घेऊन जा."