म्हाताऱ्या तेलविहिरीला पुन्हा वाहतं कसं करतात?

मुंबई हाय, म्हणजे अरबी समुद्रातलं ओएनजीसी या सरकारी कंपनीचं तेलक्षेत्र, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, तिथलं तेल संपत आलंय, विषय संपला. आकडे बघितले तर तसं वाटणारच, मार्च १९८५ मध्ये तिथून दिवसाला ४ लाख ७१ हजार बॅरल तेल निघायचं आणि एप्रिल २०२४ मध्ये ते १ लाख ३४ हजारांवर आलं होतं. पण ओएनजीसीच्याच अंदाजाने तिथे अजून साधारण ८ कोटी टन तेल शिल्लक आहे. मग ते वर का येत नाही? दरवेळी खालचं तेल आटलेलं असतं असं नाही, पुष्कळदा विहिरीचाच घसा धरलेला असतो.

आधी एक गोष्ट, खाली तेलाचं तळं वगैरे नसतं. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत समुद्रात, तेरा-चौदाशे मीटर खोल चुनखडीचा दगड आहे आणि त्याच्या बारीक बारीक छिद्रांत तेल, गॅस आणि पाणी मुरलेलं आहे. विहीर पाडली की चहूबाजूंनी तेल तिच्याकडे सरकायला लागतं, लांब असताना वाट ऐसपैस असते पण जवळ येता येता सगळ्या तेलाला वीतभर रुंदीच्या एका भोकात शिरायचं असतं, त्यामुळे दाब सगळ्यात जास्त खर्च होतो तो अगदी शेवटी. विहिरीची त्रिज्या १० सेंटीमीटर आणि तेल ३०० मीटरवरून येतंय असं धरून गणित मांडलं तर अर्धा दाब शेवटच्या साडेपाच मीटरमध्येच खलास होतो! म्हणजे तेवढाच पट्टा चोंदला तरी पुरे, मागे भरपूर तेल असूनही विहीर ‘म्हातारी’ दिसायला लागते. इंजिनीयर लोक या चोंदण्याला ‘स्किन’ म्हणतात.

आता चोंदतं कशाने? कुठे ड्रिलिंगचा चिखल आत शिरलेला असतो, कुठे तेलातलं मेण गोठतं, आणि फार ठिकाणी क्षार बसतो. खालच्या पाण्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं, विहिरीजवळ दाब पडला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट दगडात, नळीत थराथराने बसतं. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो ना, तोच पदार्थ. त्यात मुंबई हायमध्ये १९८४ पासून दाब टिकवायला समुद्राचं पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून खाली सोडतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, खालच्या पाण्यात बेरियम असलं की दोघांचं मिळून बेरियम सल्फेट होतं आणि ते ॲसिडलाही दाद देत नाही.

कार्बोनेटवर मात्र ॲसिड जॉब हा जुना आणि जबरदस्त उपाय आहे. अमेरिकेत हर्मन फ्राश यांनी १८९६ मध्येच चुनखडीतल्या विहिरीत हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडायचं पेटंट घेतलं होतं, पण ॲसिड दगडाबरोबर लोखंडी पाइपही खायचं म्हणून ते मागे पडलं. मग १९३२ मध्ये मिशिगनमध्ये ॲसिडमध्ये आर्सेनिकचं संयुग मिसळून पाइप वाचवला आणि तिथून हा धंदा खरा सुरू झाला (आता आर्सेनिक वापरत नाहीत, दुसरे इन्हिबिटर, म्हणजे पाइप वाचवणारी रसायनं, आलेत). साधारण १५ टक्क्यांचं ॲसिड आत ढकललं की चुनखडी विरघळत जाते आणि किड्याने पोखरल्यासारखे बारीक बोगदे पडतात, तेल चोंदलेल्या भागाला वळसा घालून त्या बोगद्यांतून येतं.

पण गोम अशी की ॲसिड सोपी वाट धरतं. पाण्याचा थर आधीच मोकळा असेल तर ते तिकडेच पळतं आणि तेलाऐवजी पाणीच वाढतं. म्हणून माझं ठाम मत आहे की जॉबआधीची तपासणी हीच खरी कामगिरी. विहीर काही वेळ बंद ठेवून दाब कसा चढतो ते बघायचं, त्यावरून चोंदलंय की मागचाच दाब गेलाय ते कळतं, मग लॉगिंग करून, म्हणजे विहिरीत मोजणारी उपकरणं सोडून, पाणी कुठून शिरतंय ते शोधायचं.

आणि पाणी वाढलं की अजून एक लफडं होतं, नळीतला स्तंभ जड होतो. १३०० मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे जवळजवळ १३० वातावरणाइतका दाब, दमलेल्या विहिरीला तो उचलणं झेपत नाही. तिथे गॅस लिफ्ट लावतात, म्हणजे केसिंग (विहिरीचा बाहेरचा पाइप) आणि ट्युबिंग (तेल वर आणणारी आतली नळी) यांच्या मधल्या फटीतून गॅस खाली सोडायचा, तो व्हॉल्व्हमधून तेलात मिसळतो, स्तंभ हलका होतो आणि विहीर परत वाहायला लागते. मुंबई हायच्या बऱ्याच विहिरी अशाच चालतात. गॅस किती सोडायचा याचंही माप असतं, प्रमाणाबाहेर गेला तर नळीत घर्षण वाढून उलट तेल कमी होतं.

एवढं करूनही जमलं नाही तर विहिरीचा वरचा भाग आणि प्लॅटफॉर्म तसाच ठेवून खालून नवा फाटा काढतात, त्याला साइडट्रॅक म्हणतात, म्हणजे पाण्याने वेढलेला जुना तळ सोडून द्यायचा आणि शेजारच्या दगडात जिथे तेल मागे राहिलंय तिथे आडवं घुसायचं.