वस्तऱ्याची धार जाते तेव्हा नेमकं काय होतं?

दाढीचा केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असतो. तरीही रोज वापरलेला वस्तरा काही आठवड्यांत केस कापायच्या ऐवजी ओढायला लागतो आणि गालाची आग होते. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी दाढीचं पातं केस कापत असताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचं कारण मांडलं. केस पात्याला काटकोनात भेटला, तर धारेचं फारसं काही बिघडत नाही. तो कललेला असला, कापताना वाकला आणि धारेवरच्या एखाद्या कच्च्या जागी टेकला, तर मात्र तिथला बारीकसा टवका उडतो. पोलाद आतून सगळीकडे एकसारखं नसतं. कडक आणि त्यामानाने नरम कण शेजारीशेजारी असतात आणि त्यांच्या सीमेवर ताण एकवटतो. हा अभ्यास बाजारातल्या साध्या ब्लेडवर झाला असला, तरी कडक केलेल्या कुठल्याही पातळ पात्याला हे लागू पडावं.

टवके हे झालं एक दुखणं. आणखी दोन आहेत. केस साधारण 100 मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचं टोक अर्ध्या मायक्रॉनच्याही आत असतं. इतक्या पातळ पोलादाला दाबाने वळायला वेळ लागत नाही आणि ओलाव्याने गंजायलाही. तेव्हा टवके, वळलेली धार आणि गंज ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि वस्तरा बोथट झाला म्हणून सरसकट दगडावर घासणं मला पटत नाही. वळलेली धार चामड्याच्या पट्ट्यावर सरळ होते. टवके आणि गंज पट्ट्याने जात नाहीत, त्यांना दगडच लागतो. आणि दगडावरची प्रत्येक फेरी पात्याचं थोडं पोलाद कायमचं नेते.

कुठलं दुखणं आहे ते डोळ्यांनी बरंचसं कळतं. दिव्याखाली वस्तरा धार वर करून धरा आणि हळूहळू कलवत न्या. निकोप धारेवर प्रकाश थांबायला जागाच नसते, ती काळी दिसते. जिथे पांढरा ठिपका चमकतो तिथे टवका उडालेला असतो, सलग पांढरी रेघ दिसली तर धार वळलेली असते. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर गंजाचे खड्डेही दिसतात.

आता दगडाकडे वळू. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात ती सोय घडवतानाच केलेली असते आणि या अवजारातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. पातं दगडावर सपाट ठेवलं की पाठ (म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड) आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. पातं 16 मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन 16 अंशांच्या आसपास येतो. घासताना पाठही थोडी झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षं धार लावूनही कोन फारसा बदलत नाही. फक्त पाठ क्षणभरही उचलू द्यायची नाही.

टवके मोठे असतील तरच 1000 नंबरचा दगड घ्यावा. त्याचे कण सुमारे 11 ते 12 मायक्रॉनचे असतात, 8000 नंबरचे एक मायक्रॉनच्या थोडे वर. एरवी 8000 किंवा 12000 नंबर पुरतो. बेल्जियमच्या आर्डेन भागात मिळणारा कोटिक्यूल हा नैसर्गिक दगड मोठा सुरेख आहे: त्यातले गार्नेट या खनिजाचे कण कडक असूनही गोलसर असतात, म्हणून ओरखडे उथळ पडतात. दगड कुठलाही असो, तो सपाट हवा. त्यावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा मारून सपाट डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या पट्टीवर) घासायचा. सगळ्या रेघा एकदमच गेल्या तर दगड सपाट आहे.

दगडावर पाणी टाका आणि धार पुढे ठेवून पातं ढकला. दाब जवळजवळ नकोच. या वेळी धारेपुढचं पाणी बघत राहा. धार दगडाला नीट टेकलेली असेल, तर ती पाणी खरवडून पात्यावर चढवते. जिथे पाणी धारेखालून निसटतं, तिथे ती अजून टेकलेली नाही. बाजू बदलताना पातं पाठीवरून उलटायचं, धारेवरून कधीच नाही. पट्ट्यावर दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. धार पुढे गेली तर चामडं कापलं जातं. पट्टा ताणून धरावा, सैल राहिला तर धार गोल होते.

विजेच्या कोरड्या चाकावर वस्तरा कधीही धरू नका. पोलाद कडक केल्यावर साधारण 150 ते 200 अंश सेल्सिअसला तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केलेला असतो. चाकावर पातळ धार पापणी लवायच्या आत याहून खूप जास्त तापते. निळसर डाग दिसला म्हणजे तापमान 300 अंशांच्या आसपास गेलं, आणि तिथला कडकपणा गेला. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय तिथे टिकाऊ धार येत नाही.

दाढी झाल्यावर पातं पाठीकडून धारेकडे पुसावं, मिटण्याआधी उघडं वाळू द्यावं आणि न्हाणीघराबाहेर ठेवावं. काही दिवस वापरायचं नसेल, तर खनिज तेलाचा पातळ हात फिरवावा. खाण्याचं तेल चिकट होऊन बसतं.