आधी लांबी, मग 'तयार'

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्यांना हे सांगावे लागत नाही: ताण्याच्या धाग्यांत आधी वाट उघडते, मग आडवा धागा घेऊन धोटा पळतो, मग फणी ठोकते. धोटा जरा आधी सुटला की धागे तुटलेच. संगणकाच्या प्रोग्राममध्येही क्रमाचे असेच आहे.

आता समजा, मागावर चादरीची लांबी मोजणारे छोटे यंत्र बसवले. प्रोग्रामचा एक भाग 'लांबी' लिहितो आणि नंतर 'तयार'मध्ये १ टाकतो. दुसरा भाग तो १ दिसला की लांबी वाचतो. प्रोग्रामचे प्रोसेसरच्या आदेशांत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला मात्र या दोन ओळींचे नाते दिसत नाही. एकट्या चालणाऱ्या प्रोग्रामचा परिणाम बदलला नाही म्हणजे झाले, एवढेच त्याच्यावर बंधन. वेग मिळत असेल तर तो 'तयार' आधी लिहून मोकळा होतो आणि वाचणाऱ्याच्या हाती जुनी लांबी पडते. ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेगासाठी कंपायलर करतो ते फेरफार, बंद ठेवून तपासले, तर ही चूक सहसा दिसतही नाही.

इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवताना पहिले उत्तर ठरलेले असते: 'तयार'ला व्होलाटाइल करा, म्हणजे ते दरवेळी मेमरीतच लिही-वाच असे कंपायलरला सांगा. हा समज फार चिवट आहे. व्होलाटाइल चलांचा आपापसातला क्रम कंपायलर पाळतो, पण साधी 'लांबी' त्यांच्या अलीकडे-पलीकडे सरकू शकते.

जीसीसी या कंपायलरमध्ये यावर उपाय आहे. असेम्ब्लीची, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आदेशांच्या भाषेची, एक रिकामी ओळ लिहायची आणि 'इथे मेमरी बदललेली असू शकते' असे कंपायलरला बजावायचे. मग मेमरीतले लिहिणे-वाचणे तो त्या ओळीपलीकडे नेत नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमधले, म्हणजे गाभ्यातले, 'बॅरियर' हेच करते. प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे आदेश चालवणाऱ्या एकाच भागावर, इंटरप्टशी (चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडशी) व्यवहार असेल तर एवढे पुरते.

कोअर अनेक असले की प्रोसेसरही क्रम बदलतो, आणि त्या रिकाम्या ओळीतून त्याला एकही आदेश जात नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर साध्या लेखनांचा क्रम दुसऱ्या कोअरला सहसा तसाच दिसतो. मोबाइलमध्ये सहसा असणाऱ्या आर्म प्रोसेसरवर तशी हमी नाही. म्हणून इंटेलच्या लॅपटॉपवर चाललेला प्रोग्राम मोबाइलवर फसू शकतो.

सी आणि सी++ भाषांच्या २०११च्या मानकांनी कंपायलर आणि प्रोसेसर दोघांनाही बांधण्याची सोय दिली. 'तयार' ॲटॉमिक करायचे, म्हणजे त्याचे लिहिणे-वाचणे अर्धवट दिसणार नाही असे ठरवायचे; लिहिताना 'रिलीज' (आधीचे लिहिणे यामागे सरकू नये) आणि वाचताना 'ॲक्वायर' (नंतरचे वाचणे यापुढे सरकू नये) म्हणायचे. एका वेळी एकालाच आत सोडणारे म्युटेक्सचे कुलूप लावता-काढताना हेच आपोआप घडते, म्हणून मी मुलांना आधी कुलूपच वापरायला सांगतो. ॲटॉमिकच वापरायचे ठरवले, तर दोन्ही टोके सांभाळावी लागतात: लिहिणाऱ्याने 'रिलीज' म्हटले आणि वाचणाऱ्याने 'ॲक्वायर' गाळले, तर जुनी लांबी पुन्हा हाती येऊ शकते.