हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवावी का?

‘बंद पडलेली हार्ड डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, डेटा परत मिळतो’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. कृपया तसे करू नका. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि डेटा वाचणारे-लिहिणारे हेड तिच्यावर काही नॅनोमीटरवर तरंगते. गार तांब्यावर बाहेरून पाणी धरते, तसेच गार डिस्कवर दव धरते. ते तबकडीवर साचले तर हेड आदळते, पृष्ठभाग खरवडला जातो आणि तिथला फोटो कायमचा जातो. डिस्कचे माहितीपत्रक पाहा: चालवण्याचे किमान तापमान सहसा ० किंवा ५ अंश असते, फ्रीजर उणे १८ च्या आसपास. टकटक आवाज येत असेल तर डिस्क लगेच बंद करून तज्ज्ञाकडे द्या. आवाज नसेल, तर ती लॅपटॉपमधून काढून सॅटा-यूएसबी अडॅप्टर केबलने (डिस्क यूएसबीला जोडणारी केबल) दुसऱ्या संगणकाला जोडा. कित्येकदा बिघाड लॅपटॉपातच असतो.