चिमणीला यंत्र लावलं की कोळसा स्वच्छ?

‘चिमणीला कार्बन पकडणारं यंत्र बसवलं की कोळशाची वीज स्वच्छ, तीही फुकटात’ असा मेसेज चंद्रपूर-कोराडीकडच्या गावांतही फिरत आलाय. यंत्र खरं आहे. गडबड आहे ती ‘फुकटात’ या शब्दात.

हिशेब वहीवर करून पाहा. किलोभर कोळशात ४०० ग्रॅम कार्बन धरा. १२ भाग कार्बन जळताना हवेतला ३२ भाग ऑक्सिजन घेतो आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे एका किलोतून जवळपास दीड किलो वायू! पण धुरात तो जेमतेम १२ ते १५ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. म्हणून तो आधी रसायनात शोषायचा, वाफेने तापवून सोडवायचा, मग दाबून जमिनीत खोल पुरायचा. या खटाटोपात वीजकेंद्राच्याच विजेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा जातो. तेवढ्याच युनिटसाठी कोळसा जास्त लागतो, राखही जास्त पडते.

कपाशीवर बसणारी राख अडवणारं यंत्र वेगळंच असतं, बरं का. आणि पाणी थंड करणाऱ्या बुटक्या, रुंद मनोऱ्यांतून निघणारा पांढरा ढग म्हणजे वाफ गार होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसतच नाही.