आमदार : कारकीर्द व धोरणात्मक अग्रक्रम (नाशिक जिल्हा)

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी १५ जागा नाशिक जिल्ह्यात आहेत. मतदारसंघ क्र. ११३ नांदगावपासून क्र. १२७ इगतपुरीपर्यंत ही सलग मालिका आहे. बागलाण, कळवण, दिंडोरी व इगतपुरी हे चार मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी, तर देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत सुरगाणा हा स्वतंत्र मतदारसंघ संपला आणि तो तालुका कळवणला जोडला गेला. विधान परिषदेत नाशिक विभाग पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे (पाच जिल्हे मिळून) प्रत्येकी एक आणि स्थानिक प्राधिकारी संस्थांचा एक असे सदस्य असतात. बोलीत दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना आमदारच म्हणतात. ही नोंद मुख्यतः विधानसभा सदस्यांविषयी आहे.

आमदारकीकडे जाणाऱ्या वाटा जिल्ह्यात भागाभागानुसार वेगळ्या आहेत. निफाड, येवला, सिन्नर, चांदवड या शेतीच्या पट्ट्यात विकास सोसायटी (गावची सहकारी पतसंस्था), ग्रामपंचायत, बाजार समिती, पंचायत समिती व जिल्हा परिषद असा चढता क्रम दिसतो. त्याला साखर कारखाना किंवा १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक संस्थेतील पदाची जोड मिळते. सोसायटी आणि बाजार समितीच्या निवडणुका लढवताना गावोगावचे कार्यकर्ते बांधले जातात आणि पुढे मतदान केंद्रावर तेच उभे राहतात. नाशिक शहरात हेच काम नगरसेवकपद करते. महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली. आदिवासी पट्ट्यात मात्र चळवळ ही स्वतंत्र वाट राहिली आहे. सुरगाण्याचे जिवा पांडू गावित १९७८ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातर्फे प्रथम निवडून आले आणि त्यानंतर अनेकदा सदस्य राहिले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे सुमारे १८० कि.मी. चाललेल्या शेतकरी मोर्चाच्या नेतृत्वात ते विद्यमान आमदार म्हणून होते.

याहून जुना आणि आजही अभ्यासण्याजोगा नमुना कर्मवीर दादासाहेब गायकवाड (१९०२–१९७१) यांचा. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे दादासाहेब १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे स्थानिक सूत्रधार होते. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई प्रांताच्या विधानसभेत गेले. पुढे १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेत आणि १९६२ मध्ये राज्यसभेत. भूमिहीनांना पडीक व सरकारी जमीन मिळावी ही त्यांची मागणी सभागृहात आणि १९५९ व १९६४ च्या सत्याग्रहांत एकच राहिली. आत एक आणि बाहेर दुसरे असे त्यांनी केले नाही.

महिला सदस्यांची संख्या अजून अपुरी आहे. २०२४ च्या निवडणुकीत १५ पैकी ३ जागांवर महिला निवडून आल्या : नाशिक मध्य, नाशिक पश्चिम व देवळाली.

उमेदवाराचे वय किमान २५ वर्षे हवे. अनामत रक्कम १०,००० रु., अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५,००० रु. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात. खर्चाची मर्यादा ४० लाख रु. असून निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. तो न देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते.

सभागृहातील कामकाज

सदस्याचे सर्वांत धारदार हत्यार प्रश्न हे आहे. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते व उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. पहिल्या भागात वस्तुस्थिती मांडून ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय’, त्यानंतर ‘त्यात काय आढळून आले व कोणती कार्यवाही केली’, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. पहिल्या भागात चूक झाली की पुढचे सगळे कोसळते. कालव्याचे नाव बरोबर पण गाव चुकले, किंवा मंजुरीची तारीख एका महिन्याने हुकली, तर विभाग ‘हे खरे नाही’ असे उत्तर देतो आणि उरलेल्या भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच छापून येते. तक्रार खरी असूनही अधिवेशन वाया जाते. म्हणून जाणते आमदार आणि त्यांचे स्वीय सहायक प्रश्न पाठवण्यापूर्वी शासन निर्णयाचा क्रमांक, कामाचा साखळी क्रमांक (रस्त्यावरील किंवा कालव्यावरील अंतराची खूण), कार्यादेशाची तारीख आणि ठेकेदाराला दिलेली मुदतवाढ हाताशी ठेवतात. ‘जिल्ह्यातील रस्त्यांची दुरवस्था’ असा मोघम प्रश्न मोघमच उत्तर आणतो. एका पुलाविषयी विचारलेला प्रश्न फाईल हलवतो.

तातडीच्या विषयासाठी विधानसभा नियमावलीतील नियम १०५ अन्वये लक्षवेधी सूचना आहे, तर नियम २९३ अन्वये प्रस्तावावर सविस्तर चर्चा होते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेले आश्वासन आश्वासन समितीकडे नोंदले जाते, पण त्याचा पाठपुरावा सदस्याने स्वतः करावा लागतो. अर्थसंकल्पीय व पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात होते. गणसंख्या (कामकाजासाठी लागणारी किमान उपस्थिती) एक दशांश, म्हणजे २९. परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहणाऱ्याची जागा सभागृह रिक्त ठरवू शकते.

निधी आणि कामे

आमदार स्थानिक विकास निधी २०२२-२३ पासून वर्षाला ५ कोटी रु. आहे. हा पैसा सदस्याच्या हाती येत नाही. सदस्य फक्त काम सुचवतो. जिल्हाधिकारी जिल्हा नियोजन कार्यालयामार्फत मंजुरी देतात आणि सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा महापालिका ते करते. याहून मोठी रक्कम इतर लेखाशीर्षांतून (अर्थसंकल्पातील खर्चाच्या क्रमांकित खात्यांतून) येते : गावांतील मूलभूत सुविधांसाठी २५१५, जिल्हा परिषदेच्या रस्त्यांसाठी ३०५४ व ५०५४, त्याखेरीज पुरवणी मागण्या.

प्रत्येक कामाचा प्रवास सारखाच असतो : शिफारसपत्र, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तकातील नोंद, देयक. अडकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर नसते, सातबाऱ्यावर वनविभागाचा शेरा असतो, किंवा एकच रस्ता दोन योजनांत सुचवलेला निघतो. अर्थसंकल्पात नुसती टोकन (नाममात्र) तरतूद असेल तर भूमिपूजन होते, पण देयके थकतात आणि ठेकेदार खडी पसरून निघून जातो. आचारसंहिता लागण्यापूर्वी कार्यादेश निघून काम सुरू झाले नसेल, तर ते निवडणूक संपेपर्यंत थांबते. फेब्रुवारीत सुचवलेले काम म्हणूनच बहुधा पावसाळ्यात सापडते. नागरिकाने आमदाराकडे जाताना ‘काम मंजूर आहे का’ एवढ्यावर न थांबता ते यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारावे.

अग्रक्रम

नाशिकमध्ये पक्ष कोणताही असो, पहिला अग्रक्रम पाण्याला द्यावाच लागतो. पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबकेश्वरचा अतिवृष्टीचा पट्टा, पूर्वेला येवला-नांदगावची अवर्षणप्रवण जमीन, आणि गोदावरीच्या खालच्या प्रवाहात मराठवाड्याचे जायकवाडी धरण. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आहे. मेंढेगिरी समितीच्या पाणीवाटपाच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर गंगापूर, दारणा यांसारख्या वरच्या धरणसमूहांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. अशा वर्षी नाशिक आणि अहिल्यानगरचे आमदार पक्षभेद विसरून एका बाजूला आणि मराठवाड्याचे दुसऱ्या बाजूला उभे राहतात. दोन्हीकडची गरज खरी आहे. म्हणून विसर्गाला नुसता विरोध करण्यापेक्षा वहनव्यय (वाहताना वाटेत होणारी पाण्याची घट) मोजण्याचा, अवैध उपसा थांबवण्याचा आणि खोऱ्यात नवे पाणी आणण्याचा आग्रह धरणारा सदस्य मतदारसंघाचे अधिक हित साधतो. पश्चिमवाहिनी पाणी दिंडोरी तालुक्यातून बोगद्याने पूर्वेकडे वळवून पुणेगाव-दरसवाडी कालव्यामार्गे चांदवड-येवल्याकडे नेणारा मांजरपाडा प्रकल्प याच विचाराचा. असे प्रकल्प एका कार्यकाळात पुरे होत नाहीत, हे आधी सांगून टाकलेले बरे.

वर्षागणिक निर्णायक ठरते ती कालवा सल्लागार समितीची बैठक. रब्बी आणि उन्हाळी आवर्तने (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या) किती, कोणत्या तारखेला व किती दिवसांची, हे तिथे ठरते. पालखेड डाव्या कालव्याच्या आवर्तनावर येवला व मनमाडचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे. वरच्या भागात दारे उघडी राहिली की शेवटच्या चाऱ्यांना (कालव्याच्या फाट्यांना) पाणी पोचत नाही, म्हणून पुच्छ भागाचे (कालव्याच्या शेवटाकडचे) आमदार ‘आधी टेल, मग हेड’ असा आग्रह धरतात. जेथे पाणीवापर संस्था बळकट आहेत, तेथे (ओझर-मोहाडी परिसरातील वाघाड प्रकल्प हे ठळक उदाहरण) हा तंटा संस्थाच मिटवतात आणि आमदाराच्या फोनची गरज कमी होते.

कांद्याबाबत अधिकाराची हद्द ओळखणे महत्त्वाचे. बाजार समित्या, साठवणुकीच्या चाळींना अनुदान आणि लिलावाची शिस्त हे राज्याचे विषय. आयात-निर्यात केंद्र सूचीतील. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, तेव्हा लासलगावच्या भावावर घाला पडला. पण विधानसभेला ठराव आणि शिफारस यापलीकडे जाता आले नसते. शुल्क १ एप्रिल २०२५ पासून हटले. निर्यातीविषयी वचन देणाऱ्या उमेदवाराला मतदाराने चाळी, वजनकाटे आणि २४ तासांत चुकवती (मालाचे पैसे देणे) याविषयी विचारावे. त्या गोष्टी राज्याच्या हातात आहेत.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व कळवणच्या अनुसूचित क्षेत्रात पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा कायदा) आणि वनहक्क कायदा (२००६) यांची अंमलबजावणी हा अग्रक्रम असतो. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच असल्याने पाठपुरावा जवळचा आहे. वनदाव्यांत (कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्काच्या दाव्यांत) सर्वाधिक अडचण मोजणीची येते : कसलेले क्षेत्र आणि मंजूर क्षेत्र यांत तफावत पडते, आणि ग्रामसभेचा ठराव, जबाब, जुने दंडाचे पावतीपत्र फाईलला नसेल तर दावा उपविभागीय समितीत फेटाळला जातो. अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. संपर्क कार्यालयात दावेदारांची गावनिहाय यादी आणि फेटाळल्याच्या पत्रांच्या तारखा ठेवल्या, तर ही मुदत हुकत नाही.