संशोधन पाणबुडी जहाजावर चढवण्याआधी : ग्राहकांसाठी माहिती

पाणबुडी आमच्या हाती देताना आम्हाला सर्वात आधी तिचे आजचे वजन कळवा. कारखान्याच्या कागदावरचे नको. मधल्या काळात यांत्रिक हात बसतो, कॅमेरे वाढतात, बॅलास्टची (पाणबुडी जड करण्यासाठी लावलेली) वजने बदलतात. म्हणून धक्क्यावर येताच आम्ही लोडसेल (वजन मोजणारे उपकरण) लावून ती पुन्हा तोलतो. क्रेनचा बूम, म्हणजे लांब हात, जितका बाहेर जातो तितकी तिची उचल कमी होते, आणि जहाजाचा डेक नेमका त्या लांबच्या टोकाला असतो.

माणसे बसतात तो पाणबुडीचा गोल मजबूत आहे, त्याला काय होणार, असे अनेकांना वाटते. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या 'मत्स्य 6000' या पाणबुडीचा टायटॅनियम गोल 2.1 मीटर व्यासाचा आणि 80 मिलिमीटर जाडीचा आहे. 6000 मीटर खोलीवर त्याला वातावरणाच्या सुमारे 600 पट दाब सोसायचा आहे. पण तो दाब चहूबाजूंनी सारखा येतो. क्रेनचा हूक झाकणाच्या बैठकीवर आपटला, तर तिथला ओरखडा पाण्याला वाट देऊ शकतो. तरंगण्यासाठी लावलेला फोमही उचलण्याचा पट्टा काचला तरी दुखावतो. त्यामुळे पट्टे फक्त उचलण्याच्या कड्यांनाच लागतील. दोन पट्ट्यांचा आडव्या रेषेशी कोन 30 अंशांवर आला की प्रत्येकावर पूर्ण वजन येते. आम्ही 60 अंशांच्या खाली जात नाही.

दिवस ठरवताना पंचांग समोर ठेवतो. उधाणाला डेक धक्क्याच्या तुलनेत फार वरखाली होतो, म्हणून अष्टमी-नवमीचा भांग (सर्वात लहान भरती-ओहोटी) बरा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट धरली की अष्टमीची भरती सहाच्या सुमारास येते. पहाटे पाणी उभे असते आणि दुपारचा वारा अजून उठलेला नसतो. पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेपर्यंत, हे काम आम्ही घेत नाही. त्यासाठी आग्रह करू नये, ही विनंती.

आपल्याकडची तयारी अशी: बॅटरीची जोडणी तोडलेली, ऑक्सिजनच्या बाटल्यांचे व्हॉल्व्ह बंद, आतली सुटी हत्यारे काढलेली. झाकणाच्या ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) केसही राहता कामा नये. पुसून, हलके ग्रीस लावून झाकण बंद करा. उचलताना आत कोणीही बसणार नाही, पाहुणा असो वा शास्त्रज्ञ.

आधी जमिनीपासून वीतभर उचलून थांबतो. तोल बघतो, मगच पुढे. डेकवरच्या क्रेडलवर (आधाराच्या चौकटीवर) बसली की चारही बाजूंनी लॅशिंग करतो, म्हणजे बांधून घट्ट करतो. जहाज सुटल्यावर तासाभराने टर्नबकल (बांधणी ताणणारे स्क्रू) पुन्हा आवळावे लागतात. ते काम कोण करणार, त्याचे नाव आम्हाला आदल्या दिवशी द्या.